घरातलं ऑर्किड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑर्किडबद्दलची तक्रार बहुतेक वेळा पानांची नाहीतर फुलांची असते. गडबड मात्र खाली कुंडीत असते. त्यामुळे पुढच्या बऱ्याच उत्तरांत आधी मुळं बघा, असंच सांगितलेलं आढळेल.

माझ्याकडचं ऑर्किड नक्की कोणतं, हे कसं ओळखायचं?

खोड जवळजवळ नाही, जाड रुंद पानं समोरासमोर एकावर एक आणि त्यातून बाहेर झुकलेला फुलांचा दांडा असेल, तर ते फॅलेनॉप्सिस. घरात सर्वात जास्त हेच असतं. उसासारखी पेरांची उभी कांडी असेल तर डेंड्रोबियम. बुडाशी चपटे फुगीर कंद, वर अरुंद पानं आणि फांद्या फुटलेल्या दांड्यावर लहान पिवळी किंवा तपकिरी फुलं असतील तर बहुधा ऑन्सिडियम. जाड कंदावर एकदोनच ताठ पानं आणि मोठं सुवासिक फूल असेल तर कॅटलिया. कुंडीत काहीच नाही, नुसत्या टोपलीतून लांबलचक मुळं लोंबताहेत, तर व्हँडा.

हे ओळखणं महत्त्वाचं, कारण कंद आणि कांड्यांमध्ये पाणी साठतं, तर फॅलेनॉप्सिस आणि व्हँडाकडे पानं आणि मुळांखेरीज साठवण नाही. एकाचं वेळापत्रक दुसऱ्याला लावलं की बिनसतं. खालची उत्तरं मुख्यतः फॅलेनॉप्सिसची आहेत. फरक असेल तिथे वेगळं सांगितलं आहे.

कुंडीत माती नाही, नुसते सालीचे तुकडे आहेत. माती घालू का?

अजिबात नको. घरात वाढणारी बहुतेक ऑर्किडं निसर्गात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. ती त्या झाडाचा रस पीत नाहीत, फक्त त्यावर बसतात. पावसात मुळं भिजतात आणि वाऱ्याने काही तासांत सुकतात.

एखादं मूळ जवळून बघा. बाहेरून ते पांढरट-रुपेरी आणि जाड दिसतं. तो थर मृत पेशींचा असतो आणि पाणी टिपून घेतो. कोरडा असताना त्यात हवा भरलेली असते म्हणून तो रुपेरी दिसतो, भिजला की आरपार होतो आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. अशा मुळाभोवती माती दाबली की हवा बंद होते आणि मूळ कुजायला लागतं. सालीचे तुकडे, लोणारी कोळसा, नारळाच्या सोडणाचे तुकडे, स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) यांतलं काहीही चालतं. अट एकच: पाणी निघून गेल्यावर मधे पोकळ्या राहिल्या पाहिजेत.

किती दिवसांनी पाणी घालायचं?

दिवस मोजून पाणी घालणं ही सवय आधी सोडा. तेच झाड उन्हाळ्यात चार दिवसांत सुकतं आणि थंडीत दहा-बारा दिवस ओलं राहतं. कुंडी पारदर्शक असेल तर काम सोपं: आतली मुळं हिरवी असतील तर थांबा, रुपेरी झाली की पाणी द्या. पारदर्शक नसेल तर कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्या. भिजलेली आणि सुकलेली कुंडी यांतला फरक दोनतीन वेळा उचलल्यावर हाताला कळतो. तरी शंका असेल तर बांबूची काडी मिश्रणात खोल खुपसून दहा मिनिटांनी काढून बघा.

पाणी द्यायचं तेव्हा भरपूर द्या. वरून चमचाभर शिंपडून काहीच साधत नाही. कुंडी बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा किंवा खालून धार निघेपर्यंत झारीने घाला. मग पूर्ण निथळू द्या. वेळ सकाळची, म्हणजे पानांच्या बेचक्यात गेलेलं पाणी रात्रीपर्यंत वाळतं. उरलंच तर कागदाच्या टोकाने टिपून घ्या.

व्हँडाचं वेगळं. टोपलीतल्या उघड्या मुळांना गरम हवेत रोज पाणी लागतं, एरवीही दोनतीन दिवसांच्या पलीकडे ताणू नये.

शोभेच्या कुंडीचा सापळा लक्षात ठेवा. प्लॅस्टिकची कुंडी चिनीमातीच्या बिनभोकाच्या कुंडीत ठेवलेली असते आणि तळाशी दोन बोटं पाणी साचलेलं असतं, ते कोणी बघतच नाही. दर वेळी आतली कुंडी बाहेर काढून बघा.

आठवड्याला बर्फाचे तीन तुकडे ठेवायचे, असं ऐकलं. खरं आहे का?

त्याने झाड मरत नाही. अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांनी सालीत लावलेल्या फॅलेनॉप्सिसवर ते करून पाहिलं आणि 2017 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की फुलांच्या टिकण्यावर आणि मुळांवर वाईट परिणाम झाला नाही. पाणी मोजून पडतं, एवढाच बर्फाचा फायदा. पण त्याने खतातले साठलेले क्षार धुऊन जात नाहीत आणि गरम हवेत ते पाणी पुरतही नाही. माझं मत विचाराल तर, साधं पाणी हाताशी असताना हा उद्योग कशाला?

नळाचं पाणी चालतं का?

पाणी फार जड नसेल तर चालतं. मिश्रणावर आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर, पानांवर पांढरे ठिपके, मुळांची टोकं काळी पडलेली, असं दिसलं की पाण्यातले किंवा खतातले क्षार साठताहेत असं समजा. पावसाचं किंवा आरओचं पाणी उत्तम. ज्या यंत्रात क्षार काढायला मीठ वापरतात, त्याचं पाणी मात्र देऊ नका. त्यात सोडियम असतं.

पानं सुरकुतली आणि लोळागोळा झाली. पाणी कमी पडलं की जास्त झालं?

गोम अशी की दोन्हींत पान सारखंच दिसतं. पाणी कमी पडलं तर मुळांना मिळालंच नाही. जास्त झालं तर मुळं कुजली, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. झाड दोन्हीकडून तहानलेलंच. म्हणून पान बघून झारी उचलायची नाही. झाड कुंडीतून अलगद काढा.

मुळं रुपेरी, टणक, पण वाळलेली आणि मिश्रण खडखडीत कोरडं असेल, तर पाणी कमी पडलंय. अर्धा तास भिजवा, पुढे पाळी थोडी लवकर आणा. मुळं तपकिरी, मऊ, चिमटीत धरल्यावर साल निसटून आत नुसता दोरा उरतोय, वर कुबट वास, तर पाणी जास्त झालंय. पुढचा प्रश्न तुमच्यासाठीच.

सुरकुतलेलं जुनं पान नंतर पूर्ण ताठ होईलच असं नाही. सुधारणा नव्या पानात आणि नव्या मूळटोकात शोधा.

मुळं कुजली आहेत. झाड वाचेल का?

चारपाच धड मुळं शिल्लक असतील तर बहुतेक वाचतं. जुनं मिश्रण सगळं झटकून टाका. मुळं पाण्याखाली धुवा, म्हणजे जिवंत कोणती आणि मेलेली कोणती ते स्पष्ट दिसेल. कात्रीची पाती आधी ज्योतीवर तापवून गार करा. मग मऊ, पोकळ भाग जिथे टणक मूळ सुरू होतं तिथवर कापा. रंगावर जाऊ नका, मिश्रणात दडलेलं मूळ उजेडाअभावी पिवळट-तपकिरी असूनही धडधाकट असू शकतं. बोटाने दाबून ठरवा.

कापलेल्या टोकांना तासाभर हवा लागू द्या. दालचिनीची पूड पानावरच्या जखमेला ठीक, पण मुळांवर चोपडू नका. ती ओलावा शोषून चांगली मुळंही सुकवते. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच, फेस बघून समाधान वाटतं पण त्याने जिवंत पेशीही जळतात.

आता नवं मिश्रण आणि कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची. आधीची मोठी कुंडी तशीच वापरली तर मधला भाग दिवसेंदिवस ओला राहतो आणि तोच खेळ पुन्हा. दोनतीन दिवसांनी पहिलं पाणी द्या. फुलं असतील तर दांडा कापून टाका. मन होत नाही, पण मुळं नसताना फुलं पोसणं झाडाला जड जातं. नवी मुळं दिसेपर्यंत खत बंद.

एकही मूळ उरलं नाही. काही उपाय?

पानं अजून हिरवी आणि मधला भाग टणक असेल तर प्रयत्न करता येतो. पारदर्शक डब्यात पिळून काढलेलं, जेमतेम दमट मॉस पसरा, त्यावर झाड नुसतं ठेवा आणि झाकण थोडं उघडं ठेवून थेट ऊन नसलेल्या उजेडात ठेवा. मूळ फुटायला महिने लागू शकतात आणि बरीच झाडं तोवर टिकत नाहीत. साधं, सहज मिळणारं झाड असेल तर त्यात जीव अडकवू नये.

मुळं कुंडीबाहेर वाढताहेत. कापू की आत दाबू?

दोन्ही नको. हवेतलं मूळ म्हणजे झाड मजेत असल्याची खूण आहे. जबरदस्तीने वाकवलं तर कडकन मोडतं. कुंडी बदलताना भिजवून नरम झालेली मुळं जमतील तेवढी आत घ्या, बाकीची राहू द्या.

उजेड किती हवा?

पानाचा रंग बघा. गडद, काळपट हिरवं पान दिसायला छान, पण त्याचा अर्थ उजेड कमी. गवती हिरवं पान म्हणजे बरोबर. पिवळसर, कडेला लालसर झाक आली म्हणजे उजेड वरच्या मर्यादेला पोचला. फॅलेनॉप्सिसला साधारण 10,000 ते 15,000 लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरतात, कॅटलियाला याच्या दुप्पट, व्हँडाला त्याहून जास्त. मोबाइलवरच्या लक्स मापकाचा आकडा अंदाजापुरताच घ्या. खिडकीजवळ, कोवळं ऊन किंवा पातळ पडद्यातून गाळून आलेला उजेड, ही जागा फॅलेनॉप्सिसला बहुधा मानवते.

दुपारचं ऊन थेट पडलं तर पानावर फिकट पांढरा चट्टा उठतो आणि नंतर तपकिरी, कागदासारखा कोरडा होतो. तो पसरत नाही, वासही येत नाही. पान कापू नका, फक्त जागा बदला.

फुलं गळून गेली. दांडा कापायचा का?

दांडा वाळून तपकिरी झाला असेल तर बुडाशी कापा. हिरवा असेल तर निवड तुमची. खालून दोन किंवा तीन पेरं ठेवून वर कापलं तर कधीकधी पेरातून नवी फांदी फुटून दोनतीन महिन्यांत पुन्हा फुलं येतात, आधीपेक्षा थोडी कमी आणि लहान. झाडाला दोनतीनच पानं असतील किंवा ती मलूल असतील, तर बुडातूनच कापून त्याला विश्रांती द्या.

डेंड्रोबियमची जुनी कांडी मात्र पानं गळली म्हणून कापू नका. काही प्रकार त्याच बोडक्या कांडीवर फुलतात, आणि ती कांडी नव्या कोंबाची शिदोरीही असते.

पानं तजेलदार आहेत, नवी येताहेत, पण दोन वर्षांत फूल नाही. काय चुकतंय?

बहुधा दोनपैकी एक गोष्ट: उजेड कमी आहे किंवा रात्री पुरेशा गार नाहीत. झाड खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असेल तर पानं येत राहतात, पण दांडा काढण्याइतकी शिल्लक साठत नाही. आधी उजेड वाढवा, दोन आठवड्यांत हळूहळू, एकदम नाही.

दुसरं तापमान. फॅलेनॉप्सिस सतत 28 अंशांच्या वर राहिलं तर पानंच काढत बसतं. चारसहा आठवडे दिवसा 25 च्या आसपास आणि रात्री 16 ते 20 अंश मिळाले की दांडा निघतो. त्यामुळे हवा थंड व्हायला लागते त्या काळात झाड रात्री उघड्या खिडकीशी ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय. दांडा दिसल्यापासून फूल उमलेपर्यंत साधारण तीनचार महिने जातात, तेव्हा धीर धरा. सिंबिडियम या गवतासारख्या लांब पानांच्या ऑर्किडला याहून कडक गारवा लागतो, रात्री 10 ते 15 अंश. बारमाही गरम हवेत ते वर्षानुवर्षं नुसतं गवत वाढावं तसं वाढतं. तिथे दोष तुमचा नाही, निवडीचा आहे.

नवं टोक दांडा आहे की मूळ, हा प्रश्न ओघाने येतोच. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत. दांड्याचं टोक किंचित चपटं, हातमोज्यासारखं, त्यावर लहान खवला दिसतो.

कळ्या पिवळ्या पडून उमलण्याआधीच गळतात. का?

कळीला अचानक बदल सोसत नाही. झाडाची जागा बदलली, एसीचा झोत आला, पाणी चुकलं, हवा फार कोरडी झाली, यांपैकी काहीही पुरतं. आणखी एक कारण सहसा सुचत नाही: शेजारी पिकत असलेली फळं. त्यांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कळ्या गळतात, फुलंही लवकर मान टाकतात. दांड्याला कळ्या आल्या की कुंडी फिरवायचीही नाही. कळ्या उजेडाकडे वळत राहतात आणि फुलांची रांग वेडीवाकडी होते.

सगळ्यात खालचं पान पिवळं पडलंय. रोग आहे का?

एकच, सगळ्यात खालचं, हळूहळू पिवळं होत असेल तर ते म्हातारं झालंय. वाळून आपोआप सुटू द्या. एकाच वेळी दोनतीन पानं, किंवा मधलं कोवळं पान पिवळं पडलं, तर मुळं तपासा.

पानावर काळे डाग आहेत.

डाग पाणीदार, तेलकट दिसतो, एकदोन दिवसांत पसरतो आणि दुर्गंधी येते, तर ती जिवाणूंची मऊ कूज. हिला उद्यावर ढकलू नका. डागाच्या पुढे एक-दोन सेंटिमीटर निरोगी भागासकट पान कापा, पाती पुन्हा तापवा, झाड बाजूला काढा, पानांवर पाणी पडू देऊ नका आणि पंखा लावून हवा खेळती ठेवा. मधलं पान ओढल्यावर सहज हातात आलं तर गाभा कुजलाय. फॅलेनॉप्सिसचा वाढीचा बिंदू एकच असतो, त्यामुळे वर नवं पान येत नाही. मुळं चांगली असतील तर क्वचित बुडाशी नवा कोंब फुटतो.

फुलांत रंगाचे तुटक फटकारे आणि पानांवर खोलगट ठिपके किंवा चट्टेपट्टे दिसत राहिले तर विषाणूची शंका घ्या. त्यावर औषध नाही. तो एका झाडावरून दुसऱ्यावर कात्रीने जातो, म्हणून दर झाडामागे पाती तापवायची.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी आहे.

पिठ्या ढेकूण. कानकाडी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक पुसून काढा. दिसतात तेवढेच नसतात. पानाची खालची बाजू, दांड्याच्या पेरावरचा खवला आणि कुंडीचा काठ उचकटून बघा, मुळांतही असतात. दर आठ-दहा दिवसांनी निदान तीनचारदा हे करायचं, कारण अंड्यांतून नवे निघत राहतात. तपकिरी, घट्ट चिकटलेले, नखाने खरवडल्यावर निघणारे फुगवटे म्हणजे खवले कीड, तिलाही हाच उपाय. पानाची खालची बाजू रुपेरी, ठिपकेदार झाली असेल तर लाल कोळी. तो कोरड्या हवेत फोफावतो, पानं दोन्ही बाजूंनी धुऊन साबणाचं पातळ पाणी मारा.

दांड्यावर गोड चिकट थेंब आहेत, कीड दिसत नाही.

कळ्यांच्या देठाशी झाड स्वतःच असा रस सोडतं. आधी कीड नीट शोधा. नसेल तर निर्धास्त राहा.

खत कोणतं आणि किती?

पाण्यात विरघळणारं कोणतंही संतुलित खत, उदाहरणार्थ 20-20-20 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या एक चतुर्थांश. वाढीच्या दिवसांत दोनतीन पाळ्या खताच्या, मग एक साध्या पाण्याची, म्हणजे क्षार धुऊन जातात. कोरड्या मुळांना खत देऊ नका, आधी भिजवा. खताच्या नावांवर फार वेळ घालवू नका. खताने फूल येत नाही, ते उजेडाने येतं.

पानांवर रोज फवारा मारला तर आर्द्रता वाढते ना?

पाचदहा मिनिटांपुरती. खड्यांच्या ताटलीतल्या पाण्यानेही फार फरक पडत नाही. आर्द्रता 50 ते 70 टक्के असली तर छान, पण दमट आणि कोंदट यांत फरक आहे. हवा हलत नसेल तर रोजचा फवारा म्हणजे बुरशीला आमंत्रण.

कुंडी कधी बदलायची?

फुलं संपल्यावर आणि नवी मुळं फुटायला लागताना, दर दीडदोन वर्षांनी. खरं कारण कुंडी लहान पडणं हे नसून साल कुजून भुसा होणं हे आहे. भुसा झाला की पोकळ्या संपतात. नव्या आणलेल्या झाडाच्या बुडाशी मुळांच्या मधोमध बोट घालून बघा: अनेकदा रोपवाटिकेतला मॉसचा घट्ट गोळा तसाच असतो. बाहेरची साल कोरडी दिसते आणि तो आत चिंब राहतो. फुलं ओसरल्यावर तो काढून टाका.

दांड्यावर छोटं रोप फुटलंय. वेगळं करू?

त्याला दोनतीन पानं आणि बोटभर लांबीची दोनतीन मुळं येईपर्यंत थांबा. मग दांड्याचा तुकडा ठेवून कापा आणि बारीक सालीत लावा. ते मूळ झाडाचीच हुबेहूब प्रत असतं.

बियांपासून घरी रोपं करता येतील?

जवळजवळ नाही. एका शेंगेत लाखो बिया असू शकतात, धुळीइतक्या बारीक आणि बरोबर अन्नसाठा नसलेल्या. निसर्गात त्या विशिष्ट बुरशीच्या मदतीने रुजतात. 1922 मध्ये अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नुडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमात बुरशीशिवाय बिया रुजवून दाखवल्या. 1960 मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या सूक्ष्म तुकड्यापासून सिंबिडियमची रोपं केली. आज ऑर्किड घराघरांत दिसतं ते याच वाटेने. दोन्ही पद्धतींना निर्जंतुक प्रयोगशाळा लागते.

निळं फॅलेनॉप्सिस आणलं होतं, दुसऱ्या वर्षी पांढरं फुललं!

ते मुळात पांढरंच होतं, दांड्यातून रंग भरला होता. निळसर जांभळ्या फुलाची हौस असेल तर व्हँडा बघा.

मांजर पानं चावतं. विषारी आहे का?

फॅलेनॉप्सिस मांजर-कुत्र्यांना विषारी समजलं जात नाही. फवारलेलं कीटकनाशक मात्र असतं.

दोन आठवडे घर बंद राहणार आहे.

निघण्याच्या दिवशी सकाळी नीट भिजवा, निथळू द्या आणि खिडकीपासून थोडं आत सरकवा, म्हणजे सुकणं मंदावेल. फॅलेनॉप्सिस एवढं सहज सोसतं, डेंड्रोबियम आणि कॅटलिया त्याहून जास्त. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून जाऊ नका. शेजाऱ्यांकडे सोपवत असाल ते फक्त व्हँडासाठी, आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही हे सांगून.